रूपाच्या नावापुढचा आकडा

मित्रांनो, पट्टा म्हटलं की तुम्हाला कंबरेचा आठवेल, नाही तर मास्तरांच्या टेबलावरचा. मी एक जुना पट्टा आहे खरा, पण छातीला बांधायचा. दोन बोटं रुंद, काळ्या रबराचा, पाठीमागून इलॅस्टिकनं आवळायचा, आणि मधोमध काड्यापेटीहून लहान अशी एक चपटी डबी. हृदयाचा प्रत्येक ठोका ऐकायचा आणि मनगटावरच्या घड्याळाला बिनतारी कळवायचा, एवढंच माझं काम. मला तोंड नाही. कान मात्र असे तिखट, की दोन ठोक्यांमधलं अंतर केसभर कमीजास्त झालं तरी मला कळतं.

सध्या माझा मुक्काम गुलबर्ग्यात, बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आहे. सोबतीला दोन बिघडलेल्या शिट्ट्या, डांबराच्या गोळ्या आणि एक निळी वही. माझ्या रबराला भेगा पडल्या आहेत, पण माझं दुखणं भेगांचं नाही. मला एक गोष्ट ठाऊक होती. ती वेळेवर सांगता आली असती तर एका मुलीचं पळणं वाचलं असतं, आणि मला ती सांगता आली नाही. तीच आज सांगतो. गोड शेवटाची वाट बघत बसू नका.

माझा जन्म फार दूरच्या, बर्फाच्या मुलखातल्या कारखान्यात झाला. तिथं एका यंत्रानं मला नकली ठोके ऐकवून माझी परीक्षा घेतली. हजार ठोक्यांत मी एकदाही चुकलो नाही, तेव्हा माझ्यावर शिक्का बसला आणि मी फुशारून गेलो. खरं ते ऐकलं, खरं ते कळवलं, की आपलं काम झालं, असं मला त्या दिवशी वाटलं. किती भाबडा होतो मी!

तिथून मी आपल्या देशात आलो तो सैन्यातल्या एका डॉक्टरांकडं. डोंगरावर राहून सराव करणाऱ्या धावपटूंचा ते अभ्यास करत. त्या धावपटूंत हवालदार प्रेमानंद नावाचे एक होते, बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरचे. त्यांचे वडील मारोती जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले. मुलानं सैन्याकडून पंधरा वर्षं शर्यती गाजवल्या. निवृत्त होताना डॉक्टरांनी त्यांना मी आणि घड्याळ अशी जोडी भेट दिली. २००४ साली प्रेमानंद सर गुलबर्ग्याला आले, कॉलेजच्या लाल मातीच्या मैदानावर मुलींना पळायला शिकवू लागले, आणि माझा संसार सुरू झाला.

मुली आठ आणि पट्टा एक. सकाळी उठल्याउठल्या, चूळसुद्धा भरायच्या आधी, एकेकीनं मला पाण्यानं ओलं करून छातीला बांधायचं आणि पाच मिनिटं चटईवर निपचित पडायचं. मग घड्याळावर एक आकडा यायचा आणि सर तो निळ्या वहीत नावापुढं लिहायचे. आकडा पाहून कुणाला सांगायचे, आज जोरात पळ. कुणाला सांगायचे, आज झाडाखाली बस. मुली मला नावं ठेवत, गारगार साप म्हणत. मला राग येत नसे. आठ जणींच्या छातीतलं मला जे ऐकू येई ते त्यांच्या आयांनाही ऐकू येत नव्हतं.

रूपा भेटली ती २००६ मध्ये. आळंद तालुक्यात महाराष्ट्राच्या हद्दीला लागून खजुरी आहे, तिथल्या सिद्धाप्पा धनगराची ही थोरली मुलगी. सिद्धाप्पांचा एके काळी दीडशे मेंढरांचा कळप होता. पुढं गायरानांना कुंपणं पडली, बरोबरीची माणसं बांधकामावर हैदराबादला आणि पुण्याला गेली, आणि कळप विसावर आला. त्या वीस मेंढरांमागं अनवाणी पळून रूपाचे पाय तयार झाले होते. तालुक्याच्या शाळकरी शर्यतीत सरांनी तिला पाहिलं आणि आठवड्यात ते खजुरीला तिच्या अंगणात हजर झाले.

तिथंच मला पहिल्यांदा तिचं हृदय ऐकू आलं. सर सिद्धाप्पांना माझं काम समजावत होते. ते म्हणाले, की चांगल्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे नसतात. शरीर ताजं असलं की एक ठोका लवकर पडतो, एक जरा रेंगाळतो. शरीर थकलं, आजारी पडलं, घाबरलं, की ठोके एका मापात पडायला लागतात. हे अंतर किती मोकळं आहे ते पट्टा मोजतो आणि त्याचा आकडा होतो. आकडा खाली आला की विश्रांती द्यायची.

सिद्धाप्पा डोक्याचा रुमाल सारखा करत ऐकत होते. मग म्हणाले, "मेंढरावानीच की मग. कळप निवांत चरायलाय तवा एक मेंढरू हिकडं, एक तिकडं. लांडग्याचा वास लागला की समदी एकमेकाला चिकटून एका पावलावर चालतेत."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "अप्पा, मला हे कळायला चार वर्षं लागली," ते म्हणाले, "तुम्ही चहा गार व्हायच्या आत सांगितलंत."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. ज्या माणसाला ही गोष्ट एवढी नेमकी कळली होती त्याच्याच घरात पुढं ती चुकली.

रूपाला सोडायला आई अनसाबाई तयार नव्हती. तिचा धाकटा भाऊ हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर होता आणि रूपा पाळण्यात असल्यापासून त्याला द्यायची ठरलेली होती. आमच्या भागात मामाला भाची देतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मामाही माणूस वाईट नव्हता. पण रूपाला पळायचं होतं. शेवटी दीड वर्षाची मुदत ठरली. सिद्धाप्पा लेकीला म्हणाले, "आठ सालच्या जानेवारीत राज्याची निवड हाय म्हंतेत. निवड झाली तर पळ, तुला कोण आडवत न्हाई. न्हाई झाली तर पाडव्यानंतर मामाच्या घरी. मग माझ्याफुडं रडायचं न्हाई."

त्या क्षणी मी तिच्या छातीवर होतो. तिचं हृदय एक ठोका चुकलं आणि मग असं सुसाट सुटलं, की जणू शर्यत तिथंच सुरू झाली.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. ज्या मुलींना मी बस म्हणालो त्या बसल्या, ज्यांना पळ म्हणालो त्या पळाल्या, कुणाचा पाय मोडला नाही, कुणी अंथरूण धरलं नाही. मग २००७ च्या नोव्हेंबरअखेर सर चार मुलींना घेऊन चोवीस दिवसांसाठी उटीला गेले. त्यात रूपा होती आणि कडगंचीची स्नेहल होती. उटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच. तिथली हवा विरळ. श्वास तेवढाच घेतला तरी अंगाला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून शरीर रक्त वाढवतं, आणि खाली उतरल्यावर त्याच पायांत नवं बळ येतं. पण हा सौदा सोपा नसतो. पहिल्या दिवसांत शरीर गांगरतं. त्यात सराव जास्त झाला तर रक्त वाढायचं राहतं बाजूला आणि माणूसच खचतो. उंचीवर कुणाचं शरीर कधी सावरलं हे वरून दिसत नाही. ते ऐकायला मी होतो.

पहिल्या सकाळी चौघींचे आकडे धाडकन खाली आले. रूपाचा अडुसष्टचा सत्तेचाळीस झाला. सरांनी पाच दिवस सगळ्यांना नुसतं चालवलं. सातव्या दिवशी रूपा साठावर आली आणि तिला पळायला परवानगी मिळाली. स्नेहलचा आकडा मात्र वर येईना. सरांनी तिला अकरा दिवस बसवून ठेवलं. बाकीच्या तिघी चहाच्या मळ्यांतून पळायच्या आणि स्नेहल कानटोपी घालून खोलीच्या पायरीवर रडत बसायची.

सरांनी तिला वाचवलं होतं. पण हे त्यांनी मुलींना नीट समजावून सांगितलं नाही, सैन्यातल्या माणसाला हुकूम देऊन मोकळं व्हायची सवय. त्यांनी आकड्यांचा तक्ता खोलीच्या दाराला लावला होता. दाराला लावलेला तक्ता आमच्या मुलींनी आयुष्यात एकच पाहिला होता, तो परीक्षेच्या निकालाचा. वरचा आकडा म्हणजे पास, खालचा म्हणजे नापास. "स्नेहल नापास झाली," त्या कुजबुजत. रूपानं घरी फोन केला तेव्हा वडिलांना हेच सांगितलं, "अप्पा, मला आज बहात्तर पडले. समद्यात जास्त."

झालं. सिद्धाप्पांनी ही बातमी गुंडेरावांच्या हॉटेलात नेली. खजुरीच्या स्टँडवरचं हे हॉटेल म्हणजे गावाचं वर्तमानपत्र. दुसऱ्या दिवसापासून गुंडेराव चहाची किटली हातात घेऊन ओरडून विचारू लागले, "सिद्धाप्पा, पोरीला आज किती पडले?" जन्मभर मेंढरांमागं गेलेल्या माणसाला गाव पहिल्यांदाच मान देऊन काही विचारत होतं. ते कळप विसरले, लांडगा विसरले. त्यांनाही आकडा हा मार्कच वाटू लागला.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेर मुली खाली आल्या. उंचीवरून उतरल्यावर पहिले दोन आठवडे नाजूक असतात. शरीराला घरचं जेवण, झोप आणि बेताचा सराव मिळाला तर नवं बळ मुरतं. निवड जानेवारीच्या पहिल्या रविवारी, गुलबर्ग्याच्याच मैदानावर होती. सरांनी मुलींना घरी पाठवलं. इतर मुलींना लोहाच्या गोळ्या आणि खजूर मिळाले, रूपाला मी आणि घड्याळ मिळालं, कारण तिच्यावर त्यांची सगळी आशा होती. रोजचा आकडा गुंडेरावांच्या कॉइनबॉक्स फोनवरून कळवायचा आणि सर सांगतील तेवढंच पळायचं. आकडा मनानं सांगायची सोय नव्हती. घड्याळाच्या पोटात रोजची नोंद तारखेसह राहायची आणि परत आल्यावर सर ती बघणार होते.

पण घरी विश्रांती नव्हती. बिरप्पाची जत्रा तोंडावर आली होती आणि अनसाबाईनं नवस बोलून ठेवला होता. पोरीची निवड व्हावी म्हणून पोरीनं नऊ दिवस एकवेळ जेवून, उजाडायच्या आत अनवाणी, देवाला विहिरीची घागर घालायची. मामाच्या घरी देण्याचा हट्ट धरणारी आईच हा नवस बोलली होती, यात तिची माया नव्हती असं कोण म्हणेल? रूपानं सरांना हे कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी मोडता घातला असता आणि आईचं मन मोडलं असतं.

पहिल्या दोन सकाळी मी सहासष्ट आणि एकसष्ट ऐकले. तिसऱ्या सकाळी तिच्या अंगात कसर होती, घसा सुजला होता. मी तिच्या छातीवर कान लावला आणि मला लांडग्याचा वास लागला. ठोके एका पावलावर चालत होते. मी घड्याळाला कळवलं. सत्तेचाळीस.

रूपानं तो आकडा पाहिला. बाहेर सिद्धाप्पा खाकरले. रोजच्यासारखं घड्याळ घेऊन ते हॉटेलात जाणार होते. तिनं घाईघाईनं घड्याळावरची नोंद पुसली, मला सोडवलं आणि शेजारी झोपलेल्या धाकट्या बहिणीला हलवलं. अंबिका तेव्हा तेरा वर्षांची होती.

"अक्का, ह्ये गार गार मला कामून बांधायलीस?"

"गप पड. हालू नको, बोलू नको."

"तुला मार्क कमी पडले व्हय?"

"कमी पडले की सर मला स्नेहलवानी बसवतेत. मग निवड न्हाई. मग मी मामाच्या घरी. तुला बरं वाटंल का मी गेल्यावर?"

अंबिकानं डोळे गच्च मिटून घेतले. भीतीनं तिचं काळीज आधी धडधडलं, मग हळूहळू शांत झालं. काय सुंदर, मोकळं हृदय होतं ते! श्वास सोडताना प्रत्येक वेळी एक ठोका जरासा रेंगाळायचा. मी प्रामाणिकपणानं मोजलं आणि प्रामाणिकपणानं कळवलं. एक्याऐंशी.

"एक्याऐंशी!" सिद्धाप्पा उंबऱ्यावरून ओरडले आणि घड्याळ घेऊन पळाले.

मित्रांनो, त्या दिवशी मी खोटं बोललो नाही. माझ्याकडून एकही चुकीचा आकडा गेला नाही. तरी माझ्यामुळं जगातलं सगळ्यात मोठं खोटं बोललं गेलं, आणि ते थांबवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. मी ओरडणार कशानं?

सरांना फोन गेला तेव्हा मी तिच्या पिशवीत होतो. पलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, "एक्याऐंशी? वा! उटीची कमाई दिसायलीय आता. मी याचीच वाट बघत होतो." त्यांचाही दोष नव्हता. उंचीवरून उतरलेल्या शरीराचा आकडा पूर्वीपेक्षा वर जातो, हे त्यांनी स्वतःवर अनुभवलं होतं. नेमकी जी खूण ते शोधत होते तीच त्यांना मिळाली. त्यांनी सराव वाढवला. आठशे मीटर सहा वेळा, दुसऱ्या दिवशी हजार मीटर पाच वेळा.

असे अकरा दिवस. नवस फिटेपर्यंत सकाळी घागर, मग अंबिकेच्या छातीवर मी, मग रूपाचं पळणं. त्र्याऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी. रूपाला रोज संध्याकाळी कणकण यायची. ती पळून आली की ओसरीच्या खांबाला धरून उभी राहायची आणि अंबिका तिला तांब्याभर पाणी द्यायची. मी खुंटीवर लटकत असायचो. मला वाटायचं, आज माझं इलॅस्टिक तुटावं. आज माझी बॅटरी मरावी. उंदरानं मला कुरतडावं. काही झालं नाही. बर्फाच्या मुलखातल्या त्या लोकांनी मला फार टिकाऊ बनवलं होतं.

एक संधी आली होती. सिद्धाप्पा मेंढराची तब्येत बघायचे तेव्हा मागच्या पायाच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवायचे आणि नुसत्या नाडीवरून सांगायचे, की हे मेंढरू उद्या चारा टाकणार. त्यांचा हात कधी चुकत नसे. सातव्या दिवशी त्यांनी जाता जाता रूपाच्या मनगटावर बोटं ठेवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अंग तापलंय की गं. नाडी बरी न्हाई तुझी."

माझा जीव आशेनं भरून आला. धरून ठेवा, अप्पा, हात सोडू नका, असा मी खुंटीवरून मनातल्या मनात आक्रोश करत होतो.

रूपा म्हणाली, "अप्पा, आज त्र्याऐंशी पडलेत."

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. मग मनगट सोडलं. "मग ठीकच हाय," ते म्हणाले आणि हॉटेलाकडं गेले. चाळीस वर्षांचा हात त्यांनी माझ्या एका आकड्यापुढं खाली घेतला.

निवडीच्या दिवशी रूपा आळंदहून थेट बसनं मैदानावर आली. सरांनी हौसेनं स्वतः मला ओलं करून तिच्या हातात दिलं, शर्यतीतले ठोके त्यांना नंतर बघायचे होते. अकरा दिवसांनी मी पुन्हा तिच्या छातीवर टेकलो. काय ऐकलं ते कसं सांगू? ती अजून उभी होती, एक पाऊलही पळाली नव्हती, आणि आत एखादं भेदरलेलं जनावर दावं तोडत असावं तसं चाललं होतं. मी घड्याळाला कळवत राहिलो. घड्याळ तिच्याच मनगटावर होतं. तिनं बाही ओढून ते झाकून घेतलं.

पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. सहा फेऱ्या ती सगळ्यांच्या पुढं होती. सिद्धाप्पा दोरीपाशी घोंगडी उंचावून ओरडत होते. सातव्या फेरीत ठोके घसरायला लागले, एक पडायचा, दोन गळायचे, मग चार एकदम. आठव्या फेरीत स्नेहल तिच्या पुढं गेली. त्या बसवून ठेवलेल्या स्नेहलचं हृदय कसं असेल ते मला तिच्या पावलांवरूनच कळलं. नवव्या फेरीच्या वळणावर रूपाचे पाय एकमेकांत अडकले आणि ती लाल मातीत तोंडावर पडली. मी तिच्या आणि मातीच्या मध्ये होतो.

पहिल्यांदा पोचले ते सिद्धाप्पा. त्यांनी लेकीच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते सरांकडं बघून म्हणाले, "सर, हिचा कळप एका पावलावर चालायलाय हो. लांडगा हाय आत. मला त्या दिशी कळलं हुतं. मला कळलं हुतं!"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की अंगात ताप असताना पळत राहिल्यानं हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे. मुलगी जगेल, पण पुन्हा पळायचं नाही. स्नेहल निवडली गेली. पाडव्यानंतर रूपा मामाच्या घरी हैदराबादला गेली. सूज आलेल्या हृदयाची बायको मामानं मुकाट्यानं पत्करली, हे त्याचं मोठेपण मला नाकारता येत नाही. पण ज्या दारातून जायचं नाही म्हणून तिनं एवढं केलं त्याच दारातून ती गेली, आणि तेही हळूहळू चालत.

सर त्या दिवसापासून खचले. त्यांनी वही काढून अकरा आकडे पुन्हा पुन्हा वाचले. त्यांत त्यांना कुठंच चूक दिसेना. मग ती स्वतःत शोधली. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं, की या मुलीचा जीव मी धोक्यात घातला, मला शिकवण्याचा अधिकार नाही. वही मिटली, मला गुंडाळलं आणि आम्हा दोघांना डब्यात ठेवलं. मैदानावर जाणं त्यांनी सोडलं. एका गोदामाबाहेर पहारेकरी म्हणून ते खुर्चीवर बसू लागले. ज्या हातांनी आठ मुलींना वाऱ्यासारखं पळायला शिकवलं होतं त्या हातांत कुलपाच्या किल्ल्या आल्या.

डब्यात मी चार वर्षं पडून होतो. खरं काय ते मला ठाऊक होतं, वही माझ्या पोटाला टेकलेली होती, आणि मला एक अक्षर उच्चारता येत नव्हतं. अशी शिक्षा शत्रूलाही नको.

मग २०१२ च्या उन्हाळ्यात डब्याचं झाकण उघडलं. सर होते, केस पिकलेले. समोर रूपा उभी होती, अंगानं रोडावलेली, दोन पायऱ्या चढल्यावर दम खाणारी. तिच्यामागं अंबिका, आता अठरा वर्षांची, उंचीला अक्काच्याही वर.

"सर, हिला शिकवा," रूपा म्हणाली.

"मी शिकवत नाही. माझ्या हातून काय झालं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"शिकवू नका. नुस्तं एकदा मोजा. हिला चटईवर पाडून एकदा मोजा, मग मी जाते."

सरांनी नवी बॅटरी घातली. अंबिका आडवी झाली आणि चार वर्षांपूर्वीसारखे डोळे गच्च मिटून घेतले. मी ओळखलं. श्वास सोडताना एक ठोका रेंगाळला. मी सगळा जीव कानात आणून मोजलं आणि कळवलं. ब्याऐंशी.

सरांनी तो आकडा वाचला. मग त्यांनी सावकाश वही उघडली आणि ते पान काढलं. एक्याऐंशी, त्र्याऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी. रूपा उटीतसुद्धा बहात्तरच्या वर कधी गेली नव्हती. त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं. तोंडानं सांगायला रूपाला धीर होत नव्हता, म्हणून ती मला बोलायला लावायला आली होती.

"सर, त्ये अकरा दिवस माझे न्हाईत," ती म्हणाली. "अंबिकेचे हायेत."

"कामून, रूपा?" सरांनी विचारलं. "कामून केलंस असं?"

"सत्तेचाळीस पडले हुते. एवढे कमी मार्क घिऊन अप्पा हॉटेलात कसे गेले असते?"

"ते मार्क नव्हते गं! मला सत्तेचाळीस सांगितलं असतंस तर मी तुला आठ दिवस झोपवून ठेवलं असतं. तू स्नेहलच्या पुढं असतीस." मग ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाले, "पण मी सांगितलंच नाही तुम्हाला. मी नुसता तक्ता लावला."

अंबिका हुंदके देत होती. रूपा रडली नाही. तिनं बहिणीच्या छातीवरून मला सोडवलं, ओढणीच्या टोकानं पुसलं, पाण्यात बुडवलं आणि चटईवर जाऊन पडली.

"आता माझं मोजा, सर."

मी तिच्या छातीवर कान ठेवला. जुनी मैत्रीण भेटली होती, पण तिचा कळप मोकळ्या रानात परत आला नव्हता. ठोक्यामागं ठोका, अगदी चिकटून, अगदी एका मापात. माझ्या मनात आलं, आयुष्यात पहिल्यांदा, एकदाच खोटं बोलावं, मायेनं दहावीस वाढवून सांगावेत. पण तिनं मला खऱ्यासाठी बोलावलं होतं. मी कळवलं. एकोणीस.

"लिहा," ती म्हणाली. "माझ्या नावाफुडं लिहा."

सरांनी अकरा आकड्यांवर एक रेघ मारली आणि त्यांच्यापुढं अंबिकेचं नाव घातलं. खाली नवी ओळ घेतली.

आता अंबिकेला नवा पट्टा आला आहे. सर पुन्हा मैदानावर जातात आणि पोरींना धनगराचा कळप आणि लांडगा समजावून सांगितल्याशिवाय कुणाच्या छातीला पट्टा लावत नाहीत. तक्ता त्यांनी फाडून टाकला. परवा अंबिकेचा आकडा एकाहत्तरवर उतरला, तर तिनं तो स्वतःच ओरडून सांगितला आणि झाडाखाली जाऊन बसली.

मित्रांनो, तुमच्या थकव्याला, तापाला, भीतीला कुणी आकडा दिला तर त्याला मार्क समजू नका. तो कमी आला म्हणून कुणासमोर मान खाली घालू नका. आणि मोठ्या माणसांनो, तुम्ही हे वाचत असाल तर मुलाच्या मनगटावर ठेवलेला हात एवढ्या लवकर काढून घेऊ नका. मी फक्त ऐकतो. छाती कुणाची, ते तुम्हालाच बघावं लागतं.

निळी वही अजून माझ्या शेजारी आहे. तिच्यातल्या त्या अकरा आकड्यांखालच्या ओळीत रूपाचं नाव आहे, आणि त्यापुढं एकोणीस आहेत.